शेजारची जागा

"आत आई उखत," निनाद म्हणाला.

माझा छोटा आरसा त्याच्या तोंडात होता. मी तो बाहेर काढला आणि त्याला परत बोलायला लावलं.

"दात नाही दुखत, मॅडम. खोटं सांगून वेळ घेतली. रविवारी तुम्ही मामांचं विमान तपासायला येणार ना? ते नापास करा."

इचलकरंजीत मी आयुष्यभर लोकांचे दात बघत आले. त्या खुर्चीत आडवा झालेला माणूस काहीही मागतो. कुणी दाढ काढू नका म्हणतो, कुणी बिल कमी करा म्हणतो, एकानं तर बायकोला जरा समजावून सांगा म्हणून गळ घातली होती. विमान नापास करा म्हणणारा हा पहिलाच.

निनाद घाटगे म्हणजे संग्रामबापू इंगवल्यांचा थोरला जावई, सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. मोठ्या विमान कंपनीत वैमानिक होता. नोकरी गेली, 'मंदी आली' असं सांगून बायकोसह सासुरवाडीला येऊन राहिला आणि बापूंच्या पंपाच्या कारखान्यात कसलासा मॅनेजर झाला. बापूंनी स्वतःच्या हातानं, म्हणजे चार फिटरांच्या हातानं, एक दोन सीटचं विमान बांधलं होतं. ते पहिल्यांदा उडवण्याचा मान जावयाचा. बापूंना स्वतःला रक्तदाबामुळे उडवायची परवानगी नव्हती.

"काय बिघाड आहे त्यात?" मी विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग नापास कशासाठी?"

"काहीतरी असेलच की. तुम्हाला सापडतं सगळं."

"तुला उडवायचं नाही का?"

तो वरच्या दिव्याकडे बघत राहिला.

"मग बापूंना तसं सांग. तोंड आहे ना? मी आत्ताच बघितलंय."

"मामांना नाही म्हणता येत नाही, मॅडम. आमंत्रणं गेलीत. तपासणीनंतर आठ दिवसांनी उड्डाण, साहेबांची तारीख मिळालीय."

साहेब म्हणजे कुठला तरी मंत्री. बापूंच्या घरी बारशालासुद्धा साहेबांची तारीख मिळाल्याशिवाय मुलाचं नाव ठेवत नसत. मला त्या पोराची कीवसुद्धा आली नाही, नुसता राग आला. चांगला उंचापुरा, तिशीतला, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि त्यांच्यातून 'नाही' एवढा एक शब्द बाहेर पडत नाही. साप मारायचा, पण पाहुण्याच्या हातून. पाहुणी मी.

खुर्चीत बसलाच होता म्हणून मी त्याचं तोंड नीट तपासलं. दात ठीक होते. जिभेच्या डाव्या कडेला मात्र चावल्याची खोल, अर्धवट भरून आलेली जखम होती.

"हे काय?"

"जेवताना चावली. घाईत."

"सासऱ्याच्या घरी जेवायची एवढी घाई?"

तो हसला नाही.

"हे बघ," मी हातमोजे काढत म्हटलं, "मी खोटं कुंकू लावत नाही आणि लावायच्या लायकीचं असलं तर टाळतही नाही. खोट असेल तर सापडेल. नसेल तर तुझं विमान पास. ऊठ आता, बाहेर एकाची दाढ खरोखर दुखतेय."

कुंकू म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचा दहा-बारा जणांचा एक क्लब होता. छोटी विमानं घरी बांधायची, त्यांना गाडीचं इंजिन बसवायचं आणि उडवायची, असल्या वेडाचा. माझं विमान मी दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये बांधलं. क्लब सुरू केला तो कुलगुडेसरांनी. सरकारी परवानग्या असतात त्या वेगळ्या. सरांचा नियम असा, की नवं विमान जमीन सोडण्याआधी क्लबातल्या तिघांनी ते उघडून तपासायचं. कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही, आई आपल्या पोराला तिरळं म्हणत नाही. तपासून झालं की इंजिनावरच्या झाकणाचे शेवटचे तीन नट त्या तिघांनी एकेक आवळायचे आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढे नट जरा जरी सैल झाला तरी ठिपक्याला तडा जातो आणि ते डोळ्याला कळतं. त्या ठिपक्याला आम्ही कुंकू म्हणायचो.

सर गेले आणि बापू अध्यक्ष झाले. मग तपासणीचं रीतसर डोहाळजेवण झालं. आज मी तुझ्याकडे जेवतो, उद्या तू माझ्याकडे जेव. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे पिवळा ठिपका द्यायचा. गेल्या काही वर्षांत नापास झालेलं विमान कुणी पाहिलं नव्हतं. मी दोनदा आक्षेप घेतला, तेव्हापासून मला तपासणीला बोलावणं बंद झालं होतं. या वेळी बोलावलं ते साहेबांना 'आमच्याकडे लेडी मेंबरसुद्धा आहेत' असं सांगता यावं म्हणून.

रविवारी सकाळी मी धावपट्टीवर गेले. बंद पडलेल्या साखर कारखान्याची ती पट्टी. कारखाना जोरात होता तेव्हा पुढाऱ्यांच्या विमानांसाठी केलेली, दोन्ही बाजूंना ऊस. शेडसमोर मांडव घातला होता आणि मांडवामागे रस्सा उकळत होता. तपासणी व्हायच्या आधीच पंगतीची पानं मोजली जात होती, यावरून काय ते समजा.

विमान जांभळं होतं. शेपटावर बापूंच्या वडिलांचा फेट्यातला फोटो रंगवला होता आणि त्याला खरा झेंडूचा हार घातला होता. म्हणजे आकाशातसुद्धा वडील मागेच. आत दोन सीट शेजारी शेजारी, भारी कातड्याच्या, आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"हे प्लॅस्टिक?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की," बापू म्हणाले. "साहेब बघून जाऊदेत, मग काढूया. नवं हाय असं दिसाय नको?"

माझ्याबरोबर आणखी दोन तपासनीस होते. एक विंग कमांडर साबळे, निवृत्त. हवाई दलात त्यांनी जन्मभर भांडारात ब्लँकेटं आणि बूट वाटले, पण मिशी लढाऊ होती. दुसरे भरत चौगुले. त्यांच्या फौंड्रीतला माल बापूंच्या पंपाला जायचा, तेव्हा ते काय बोलणार हे मी घरून निघतानाच लिहून दिलं असतं.

साबळ्यांनी पंखाला हात लावला, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लाइन छान आहे."

"एक नंबर," चौगुले म्हणाले.

झाली त्यांची तपासणी.

मी एप्रन घातला, दवाखान्यातला आरसा आणि बॅटरी घेतली आणि झाकण उघडून आत डोकं घातलं. बापू माझ्या पाठीशी उभे राहून इंजिनाची जन्मकथा सांगायला लागले. ती त्यांनी सगळ्या तालुक्याला सांगितली होती.

"आमचीच गाडी, मॅडम. निपाणी रोडला जावईबापू चालवत होते. म्हैस आडवी आली. म्हशीला वाचवायला गेले नि गाडी घेतली उसात! मी शेजारीच बसलेलो. गाडीचा पापड झाला, पण मला खरचटलंसुद्धा न्हाई आणि इंजिनला ओरखडा न्हाई. तवाच म्हटलं, हे इंजिन जमिनीवर ऱ्हायचं न्हाई."

निनाद शेडच्या खांबाला टेकून उभा होता. म्हशीचं नाव निघालं की तो पायाकडे बघायचा.

एक गोष्ट मला कबूल करावी लागली. काम सुरेख होतं. बापू कितीही फुशारक्या मारोत, त्यांचे फिटर चोख होते. गाडीचं इंजिन फार वेगात फिरतं, पंखा तेवढा फिरवून चालत नाही, म्हणून मध्ये पट्टा घालून वेग उतरवावा लागतो. ते काम मी माझ्या विमानात केलं त्याहून बरं होतं. पेट्रोलच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, सगळीकडे आरसा फिरवून पाहिला. मला काही सापडेना आणि माझी चिडचिड व्हायला लागली.

"वायरिंग?" मी विचारलं.

बापू याच प्रश्नाची वाट बघत होते. "वायरिंगला हात लावला न्हाई!" ते मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडीतनं उचललं, हितं बसवलं. कंपनी फिटेड. ओरिजिनल!"

"मग प्रश्नच मिटला," चौगुले म्हणाले.

आमच्या लोकांना देवापेक्षा कंपनी मोठी. कंपनीनं बसवलेला स्टिकर गाडी भंगारात जाईपर्यंत कुणी काढत नाही. मी वायरींचा तो जाडजूड जुडगा बाजूला केला आणि मागे आरसा घातला. इंजिन आणि सीट यांच्या मधल्या पत्र्यावर, अंधारात, लाल बटण असलेली एक छोटी डबी बसवलेली होती. कंपनी फिटेड.

"बापू, इंजिन चालू करायला सांगा."

निनाद आत बसला, इंजिन चालू केलं. आवाज गोड होता. साबळ्यांनी मान डोलावली. मी रबरी हातोडी घेतली आणि त्या पत्र्यावर एक दणका दिला.

इंजिन जरासं घुटमळलं आणि बंद पडलं.

मांडवात पानं मोजणाऱ्यांचा आकडा चुकला.

"काय केलासा ओ हे?" बापू ओरडले.

"मी काही केलं नाही, तुमच्या कंपनीनं केलंय. गाडी कुठं आदळली की आग लागू नये म्हणून हा स्विच पेट्रोलचा पंप बंद करतो."

"मग चांगलंच हाय की! सेफ्टी हाय ती!"

"गाडीची. गाडी थांबली की माणूस वाचतो. उद्या हे विमान उतरताना जरा जोरात आपटलं, वैमानिकानं परत वर न्यायचं ठरवलं, आणि नेमकं तेव्हा इंजिन बंद पडलं, तर हातच्या कांकणाला आरसा कशाला? कुठं पडेल ते तुम्हीच बघा."

साबळे म्हणाले, "हा पॉइंट मीही काढणारच होतो."

मी निनादकडे पाहिलं. बंद पडलेल्या विमानात तो बसला होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, की परीक्षेला पेपरच आला नाही असं वाटावं.

पण बापू कच्चे नव्हते. फिटरला बोलावलं, स्विच काढला, दोन वायरी जोडल्या. जोड मी समोर उभं राहून डाग देऊन पक्का करून घेतला. चहा संपायच्या आत काम झालं. परत इंजिन चालू केलं, मी चार ठिकाणी हातोडी मारली. ते आपल्या नादात चालत राहिलं.

"आता?" बापूंनी विचारलं.

आता काही नव्हतं. मी आणखी तासभर डोकं आत घालून काढलं, साबळ्यांच्या पोटात कावळे कोकलायला लागले, तरी काही नव्हतं. हात धुवायला नळावर गेले तेव्हा निनाद मागोमाग आला.

"आणखी काही नाही सापडलं?"

"नाही. विमान चांगलं आहे."

"नक्की?"

"अरे, वैमानिक आहेस ना तू? चांगलं विमान बघून रडू येणारा वैमानिक मी पहिल्यांदा पाहिला."

तो गेला. घरजावई म्हणून त्याला किती ऐकून घ्यावं लागत असेल, याचा मला अंदाज होता. त्या दिवशी त्यात मी माझीही भर घातली.

कुंकवाचा कार्यक्रम झाला. साबळ्यांनी नट आवळला, ठिपका दिला. चौगुल्यांनी दिला. मी माझा नट आवळला, ब्रश बुडवला आणि थांबले.

"कुलगुडेसरांचा दुसरा नियम आठवतोय का कुणाला?"

कुणाला आठवत नव्हता. म्हणजे सगळ्यांना आठवत होता.

"कुंकू लावणाऱ्यांपैकी एकानं पहिल्या धावेला शेजारी बसायचं. उडायचं नाही, नुसती पट्टीवर धाव. तपासणी खरी केली असेल तर भीती कसली?"

"ते जुनं झालं, मॅडम," बापू म्हणाले. "पाव्हण्यांस्नी कशाला त्रास."

"त्रास कसला? विंग कमांडर बसतील की."

साबळ्यांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. चौगुल्यांच्या घरी कुणाचं तरी बारावं होतं आणि त्यांना जेवून लगेच निघायचं होतं. जेवून मात्र निघायचं होतं. दोघांचे ठिपके झाकणावर ओले चमकत होते. ज्या विमानात पाच मिनिटं बसवत नाही, ते दुसऱ्यानं आकाशात न्यायला यांची हरकत नव्हती. मला त्यांची किळस आली. मी माझा ठिपका दिला, पदर कमरेला खोचला आणि उजवीकडच्या सीटवर चढून बसले. खाली प्लॅस्टिक कुरकुरलं.

निनाद चालवायला लागला आणि मला आश्चर्य वाटलं. हात मऊ होता. शेडपासून लांबच्या टोकापर्यंत विमान त्यानं सरळ रेषेत नेलं, वळवलं, आणि परतीच्या धावेसाठी वेगाचा दांडा हळूहळू पुढे ढकलला. दोन्ही बाजूंचा ऊस मागे पळायला लागला.

"मॅडम," कानातल्या फोनमधून त्याचा आवाज आला, "जळका वास येतोय का? रबर जळल्यासारखा?"

मी हुंगलं. पेट्रोल, नवा रंग, प्लॅस्टिक. सगळे काटे जागेवर होते.

"नाही. कुठं येतोय?"

उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. निनाद समोर बघत होता, पण कशाकडेच बघत नव्हता. तोंड रिकामंच चावत होतं. एक हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता, आणि दुसऱ्या हाताची घट्ट आवळलेली मूठ वेगाचा दांडा पुढे, आणखी पुढे ढकलत होती.

"निनाद!"

मी त्याच्या मुठीवर हात ठेवून दांडा मागे ओढायला गेले. मूठ हलेना. चाकांखालची खडखड एकदम थांबली. आम्ही जमीन सोडली होती.

मी गाडीची किल्ली फिरवली. बापूंनी तीही बदलली नव्हती, जोतिबाच्या किचेनसकट तशीच. इंजिन बंद झालं. विमान आपटलं, उसळलं, परत आपटलं. माझ्या बाजूची सुकाणूची काठी मी पोटाशी धरून ठेवली आणि ब्रेक दाबला. पट्टी सोडून गवतात जाऊन आम्ही थांबलो.

मी घाबरले होते आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. निनाद अजून चावत होता. मग हळूहळू ते थांबलं, त्यानं डोळे मिटून उघडले आणि मला विचारलं, "थांबलो का आपण?"

मला ती जिभेची कड आठवली. घाईत जेवणारा माणूस जीभ तशी चावत नाही. झोपेत फिट आलेला माणूस चावतो.

"कधीपासून येते?" मी विचारलं.

"काय?"

"फिट. काय म्हणून काय विचारतोस?"

लांब शेडपाशी जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"वर्ष होऊन गेलं. रात्रीच यायची. आधी असा वास येतो. नोकरी मंदीमुळं नाही गेली, मॅडम. मेडिकलमध्ये गेली."

"बायकोला ठाऊक आहे?"

"केतकीला ठाऊक आहे. ती म्हणते, बाबांना कळू द्यायचं नाही. धाकटीचं लग्न ठरायचंय. जावयाला फिट येते म्हटल्यावर त्या घरात कोण सोयरीक करणार?"

"आणि ती गाडी उसात गेली ती?"

"नाही, नाही. तेव्हा म्हैस आडवी आली होती." तो घाईनं म्हणाला. "मला आठवत नाही सगळं. पण म्हैस होती."

"म्हणून विमानात खोट काढायची होती."

"विमानात निघाली असती तर कुणाचंच काही गेलं नसतं."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "जीप येतेय. तू सांगणार आहेस. मी नाही सांगणार, पण हे विमान मी तुला उडवूही देणार नाही. ठरव."

जीपमधून बापू उतरले. साबळे आणि चौगुले मागे बसून राहिले. दुखणाऱ्या गुडघ्यानं जीपमध्ये उडी मारता आली होती, उतरता येत नव्हतं.

"काय झालं ओ? इंजिन का बंद केलं?"

"इंजिन उत्तम आहे," मी म्हटलं.

निनाद खाली उतरला. त्यानं पंखाचा आधार घेतला.

"मामा," तो म्हणाला, "मला फिट येते. आत्ता आली. मी नाही उडवू शकत."

आला एकदाचा शब्द तोंडातून. मी बापूंकडे पाहिलं. माणसाला धक्का बसला की तो समोरच्याकडे बघतो. बापूंनी आधी जीपकडे पाहिलं, मग मांडवाकडे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"हळू बोला की," ते म्हणाले. मग जवळ येऊन खालच्या आवाजात, "औषध चालू हाय न्हवं?"

"चालू आहे."

"मग झालं तर. त्या दिवशी दोन गोळ्या घ्या. दोन मिनिटांचं तर उडणं हाय, जावईबापू. एक चक्कर मारायची नि उतरायचं. साहेब येणार हायत. सगळ्या जिल्ह्यात पत्रिका गेल्यात, आता काय सांगू लोकांस्नी?"

"बापू, लाज वाटत नाही का?" मी म्हटलं.

"मॅडम, हा आमच्या घरातला विषय हाय."

निनाद सासऱ्याकडे बघत होता. इतका वेळ त्याच्या चेहऱ्यावर जे घाबरट, अजिजीचं काहीतरी असायचं, ते मला दिसेना. तो वळला, विमानाचं दार पूर्ण उघडलं, आणि मी उठले त्या सीटवरची धूळ बाहीनं पुसली.

"बरोबर आहे, मामा. दोन मिनिटांचंच आहे," तो म्हणाला. "चला, मी उडवतो. आत्ताच जाऊ. तुम्ही शेजारी बसा."

बापूंनी पंखावर हात ठेवला. वाटलं, चढतात. मग त्यांनी हात काढून घेतला.

"एकदा बसलोय की मी शेजारी," ते म्हणाले.

उसात कुठंतरी पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच आवाज. निनादनं उघडलेलं दार सोडलं.

"म्हणजे... म्हैस नव्हती?"

बापू माझ्याकडे वळले आणि हात जोडले. त्या माणसाला हात जोडताना मी फक्त पुढाऱ्यांसमोर पाहिलं होतं.

"लेकीचा संसार हाय, मॅडम. दुसरी उजवायची हाय. भाईर बोलू नका."

ही जावयाची काळजी नव्हती. ज्यानं त्याला स्टिअरिंगवर थरथरताना शेजारी बसून पाहिलं होतं, त्यानंच एक म्हैस तयार केली, ती त्यालाही खरी वाटायला लावली, आणि त्याच गाडीचं इंजिन काढून त्याला आकाशात पाठवायची पत्रिका छापली.

जीपमधून साबळ्यांनी घसा साफ केला. "बापू, मंडळी खोळंबलीत. रस्सा गार होतोय."

निनाद जीपमध्ये बसला नाही. तो पट्टीच्या कडेनं एकटा चालत शेडकडे गेला, तिथं जेवायला थांबला नाही, मांडवात पाहुण्यांचं बघत असलेल्या केतकीला घेऊन फाटकाबाहेर गेला. मी त्याला हाक मारली नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यावं.

मी इंजिनाच्या झाकणाशी गेले. रंग अजून पुरता वाळला नव्हता. माझा ठिपका मी नखानं खरवडून काढला. चौगुले म्हणाले, "मॅडम, विमान तर चांगलं आहे म्हणालात!"

"चांगलंच आहे," मी म्हटलं. "तुमचे दोन आहेत की. पुरेत."

उड्डाण रद्द झालं. साहेब आले, जेवले, गेले. डॉक्टरीणबाईंनी जळफळाटानं मोडता घातला, हातोडी मारून चांगलं विमान बिघडवलं, असं क्लबात ठरलं, आणि ते ठरवायला माझी गरज नव्हती म्हणून मला बोलावलं नाही. त्यानंतरही बोलावलं नाही. मी काही बोलले नाही, कारण तो आजार निनादचा होता आणि सांगायचा तर त्यानंच सांगायचा होता. त्यानं पुढे सगळ्यांना सांगितला. आता तो बेळगावला वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांना जमिनीवरचे धडे शिकवतो आणि उगाचच माझ्याकडे दात दाखवायला येतो. धाकटीचं लग्नही झालं. जावयाची फिट ऐकून कुणी मोडलं नाही.

आणि ते विमान बापूंनी पंपाच्या कारखान्याच्या फाटकावर खांब रोवून बसवलंय. दर दिवाळीला त्याला जांभळा रंग देतात. लोक खाली उभे राहून फोटो काढतात. मागच्या वर्षी फिटर रंग देत होता तेव्हा मी गाडी थांबवली आणि त्याची शिडी मागून घेऊन वर चढले. या वयात चढले. झाकणावर दोन पिवळे ठिपके आहेत, रंग देताना ते जपतात. आत डोकावले. शेजारच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.